शेपू बोर्डावर नाही

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायचं मी ठरवलं, ते केवळ सकाळ जाता जात नव्हती म्हणून. निवृत्त माणसं यावर योगासनं करतात. माझी प्रगती शवासनाच्या पुढे गेली नाही. निवडणूक अशी झालीच नाही. अंबरनाथच्या आमच्या इमारतीत सेक्रेटरी होणं म्हणजे पाण्याची मोटर जळली की शिव्या खाणं. त्यामुळे मी हात वर करताच टाळ्या पडल्या, आणि मावळते सेक्रेटरी मला किल्ल्या देताना इतके हसले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मी वजनमाप खात्यात कारकून होतो. प्रत्यक्ष तराजूला नोकरीत कधी हात लावला नाही. तराजूच्या फायलींना लावला. पण स्वयंपाक दुसऱ्याने केला तरी वाढणाऱ्याला चवीबद्दल मत असतंच, तसं मापांबद्दल मला होतं. आणि हाती सत्ता आल्यावर माझी पहिली नजर गेली ती विठावर.

विठा वांगणीहून भाजी घेऊन यायची आणि आमच्या आवारात बदामाच्या झाडाखाली बसायची. तिच्याकडे काटा नव्हता. समोर गोणपाट पसरायचं, त्यावर भेंडीचा एक ढीग, गवारीचा एक ढीग. ढिगाला वाटा म्हणायचं आणि भाव वाट्याचा बोलायचा. मग माझी बायको अंजनी म्हणायची, "वर घाल." विठा म्हणायची, "परवडत नाय," आणि वर घालायची. शेवटी कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत पडायच्या, त्यांचा हिशेब कोणीच मागायचं नाही. ज्याने उभं आयुष्य किलो-ग्रॅमच्या कागदांत घालवलं त्याचं घर अशा अंदाजपंचे भाजीवर चाललं होतं. (मी ती चवीने खात होतो, ही गोष्ट वेगळी.)

मी नोटीस लावली. आवारात विक्री वजनानेच होईल, काटा शिक्का मारलेला असावा, आणि भाव दर सोमवारी फळ्यावर लिहिले जातील. भाव मी ठरवणार होतो. कशावरून, असं कोणी विचारलं नाही, त्यामुळे मीही त्यावर फार विचार केला नाही.

अंजनीने नोटीस वाचून एवढंच विचारलं, "अहो, तुम्हाला भेंडी आणि गवार ओळखता येतात ना?"

मी म्हणालो, प्रश्न ओळखण्याचा नसून मोजण्याचा आहे.

विठा रडेल, भांडेल, पाया पडेल अशी माझी अपेक्षा होती आणि कोणत्या वेळी किती मऊ व्हायचं हेही मी ठरवून ठेवलं होतं. तिने काहीच केलं नाही. उल्हासनगर कॅम्प एकमधून ती चकचकीत इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आली. पहिल्याच दिवशी अंजनीने अर्धा किलो भेंडी घेतली, पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "बाकीची कुठाय?"

"ताई, अर्धा किलो म्हंजे येवढीच आसते," विठा म्हणाली. "मला तरी आजवर कुठं म्हाईत व्हतं?"

म्हणजे इतकी वर्षं ती आम्हाला जास्तच देत होती. हे तिलाही आत्ताच कळलं होतं आणि त्याबद्दल ती माझी मनापासून आभारी होती. वर घालणं त्याच दिवशी बंद झालं, कारण काट्यावर वर घालायला जागाच नसते. काटा वरचंही मोजतो. कोथिंबिरीच्या चार काड्या तिने काट्यावर ठेवून पाहिल्या. काट्याने शून्य दाखवलं. "ह्ये शून्य म्हंजे द्यायचंच नाय ना, सायेब?" तिने विचारलं.

आठवडाभरात विठा माझ्याकडे अर्ज घेऊन यावी तशी आली. म्हणणं रास्त होतं. तिने काटा घेतला, शिक्का मारून घेतला. गेटाबाहेर बसणाऱ्या बायकांनी नाही घेतला. त्या अजून वाट्यावर विकतात, वर घालतात, आणि आमच्या इमारतीतल्या बायका चार पावलं चालून तिकडे जातात. कायदा पाळणाऱ्याचं नुकसान आणि न पाळणाऱ्याचा फायदा, हे कसलं राज्य? मला तिचं बोलणं इतकं पटलं की मी दुसरी नोटीस लावली. अधिकृत विक्रेत्याखेरीज इतर कोणाचीही भाजी संकुलात आणू नये. वॉचमन धर्मराजला पिशव्या बघायला सांगितलं.

अधिकृत विक्रेती एकच होती.

त्यानंतरच्या काळाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तो मला फारसा शोभत नाही. बाजारात कोथिंबीर महागली. मी ती फळ्यावर स्वस्तच ठेवली. जनतेसाठी. परिणामी आमच्याकडे कोथिंबीर अंबरनाथमध्ये सर्वांत स्वस्त होती आणि कुठेच नव्हती. टोमॅटोचा भाव मी पाडला तेव्हा टोमॅटो आले, पण असे, की पिशवीतच त्यांचं सार होत होतं. विठाला विचारलं तर ती म्हणे, फळ्यावर भाव लिवलाय, कसला टमाटा ते कुठं लिवलंय? सरकारला किलो ठरवता येतो. किलोत काय यावं ते ठरवता येत नाही, एवढा साधा मुद्दा उभ्या नोकरीत माझ्यापुढे एकाही फायलीतून आला नव्हता. कारखान्यांतून, ऑफिसांतून परतणारे सभासद डब्याच्या पिशवीत डब्याखाली मेथी दडवून आणू लागले, आणि गेटाशी मला बघून हवापाण्याच्या गप्पा मारू लागले. मला वाटलं, मी लोकप्रिय होतोय.

अशात आमची लेक मनाली बाळंतपणाला आली.

मुलगा झाला. गोड होता, पण रडायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, धीर धरा. अंजनी म्हणाली, धीराने दूध येत नाही, शेपूने येतं. तिच्या आईने तिला शेपू घातली, तिने मनालीच्या वेळी खाल्ली. आता मनालीला रोज शेपू-भाकरी मिळाली पाहिजे, बाकी काही तिला ऐकायचं नव्हतं. मनाली पोराला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायची. तिचे डोळे खोल गेले होते. ती काही बोलायची नाही, आणि तिचं ते न बोलणं मला अंजनीच्या बोलण्यापेक्षा जड जायचं.

मी स्वतः खाली गेलो आणि विठाला म्हणालो, उद्यापासून रोज एक जुडी शेपू आण.

तिने फळ्याकडे पाहिलं. "शेपू बोर्डावर नाय, सायेब."

नव्हतीच. फळा लिहिला त्या दिवशी तिच्या टोपलीत शेपू नव्हती, म्हणून मी ती लिहिली नाही. आणि फळ्यावर नसलेला माल विकायचा नाही हे कलम मीच घातलं होतं. (आता वाचताना ते कलम मला जरा कडक वाटतं. लिहिताना मी दोनदा मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती.)

"अगं, मग मी लिहितो," मी म्हणालो.

"तुमाला येकट्याला लिवता येतंय?"

येत नव्हतं. सेक्रेटरीने मनमानी करू नये म्हणून नव्या वस्तूला कमिटीची मंजुरी लागेल, हेही माझंच कलम. कमिटीची सभा अध्यक्षांशिवाय होत नाही आणि अध्यक्ष मुलाकडे बंगळुरूला गेले होते. फोन केला तर म्हणाले, आल्यावर बघू, एका भाजीसाठी घाई कसली?

वर येऊन मी अंजनीला परिस्थिती समजावली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. बेडरूममध्ये नातू रडत होता.

"म्हणजे तुमच्या राज्यात तुमच्याच लेकीला शेपू मिळत नाही," ती म्हणाली.

"प्रक्रिया चालू आहे."

"त्याला सांगा तसं," बेडरूमकडे बोट दाखवून ती म्हणाली. "प्रक्रिया संपेपर्यंत गप्प बस म्हणावं."

चार-पाच दिवस अध्यक्षांची वाट पाहिली, मग एका सकाळी मी बँकेत जातो म्हणून बाहेर पडलो आणि शेअर रिक्षाने उल्हासनगर कॅम्प पाचला गेलो. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. आपलाच कायदा मोडायला माणसाला दुसऱ्या गावात जावं लागतं, आणि तिथे गेल्यावर फार मोकळं वाटतं, हे मी प्रथमच अनुभवलं. भाजीवाल्याला मी हलक्या आवाजात शेपू मागितली. त्याने हिरव्यागार नाजूक पानांची जुडी पुढे केली. मी म्हणालो, जुडी नको, तोलून दे. तो म्हणाला, "साब, ये तोल के कोई नहीं लेता." मी काट्यावरचा शिक्का तपासला, काटा शून्यावर आहे का पाहिलं, मग तोलून घेतली. भाव त्याने सांगितला तो मी मुकाट्याने दिला. जुडी बँकेच्या कागदांसोबत पिशवीत ठेवली आणि वर टॉवेल टाकला.

परतताना मला एकच धास्ती होती. शेपूचा वास. शेपू शेजारणीने शिजवली तरी आपल्या आमटीला तिचा वास लागतो. रिक्षातली माणसं नाकं मुरडतील असं वाटत होतं, पण कोणी मुरडलं नाही. गेटावर धर्मराज उभा होता. मीच घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे त्याने पिशवी मागितली, टॉवेल बाजूला केला, आत बघितलं, नाकाने एक दीर्घ श्वास घेतला आणि पिशवी परत दिली.

"काही नाही, साहेब. जा."

शेपूचा वास न येणारा माणूस जगात नाही. म्हणजे धर्मराजने माझ्या लेकीसाठी, माझ्या नातवासाठी नोकरी पणाला लावून नाक मिटून घेतलं होतं. दिवाळीला त्याला जास्त बक्षीस द्यायचं मी तिथल्या तिथे ठरवलं.

दार उघडताच मात्र घरभर शेपूचा घमघमाट. मी घाईने दार लावलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि पिशवी छातीशी धरून उभा राहिलो.

"बाबा, गुदमरेल तो, खिडक्या काय लावताय?" मनाली म्हणाली. ती टेबलाशी बसली होती. समोरच्या ताटात भाकरी होती, आणि भाकरीशेजारी शेपूची भाजी. मांडीवर नातू झोपला होता. समोरच्या फ्लॅटमधल्या कुंदावहिनी तिला वाढत होत्या.

अंजनीने माझ्या हातून पिशवी घेतली, टॉवेल काढला, जुडी उलटीपालटी केली, एक पान चुरगळून हुंगलं.

"हे काय आणलंत?"

"शेपू."

"हा गाजराचा पाला आहे."

कुंदावहिनींनी पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, वजन मात्र अगदी बरोबर आहे. त्यावर मनाली इतकी हसली की तिच्या मांडीवरचा नातू दचकून जागा झाला आणि, मी लक्षात घेतलं, रडला नाही. दोन दिवस तो तसा शांतच होता. मला वाटलं होतं, रडून थकला असेल.

मग मला सांगण्यात आलं. शेपू विठाच आणत होती. दुसरी नोटीस लागल्यापासून ती इमारतीत प्रत्येकाला हवं ते आणून देत होती: कोथिंबीर, मेथी, शेवळं, गावठी अंडी. झाडाखाली फळ्याप्रमाणे भेंडी तोलायची, आणि उरलेलं टोपलीच्या तळातून घरोघर. मनाली इतके दिवस दुपारी कुंदावहिनींकडे पडायला जायची ती शेपू खायला. आज मी बँकेत जाणार म्हणून स्वयंपाक आमच्याकडे केला होता. धर्मराजला सगळं ठाऊक होतं. इमारतीत नियम पाळणारा मी एकटाच होतो, आणि आज मीही मोडला होता.

मी खुर्चीत बसलो. मग मी म्हणालो, "ठीक आहे. चुकलं माझं. उद्या दोन्ही नोटिसा काढतो."

अंजनी आणि कुंदावहिनींनी एकमेकींकडे पाहिलं.

"छे छे, नोटिसा कशाला काढता?" कुंदावहिनी म्हणाल्या. "भाऊजी, असू दे की."

"पण का?"

अंजनी माझ्या समोर बसली. आवाज मऊ होता, मनालीला समजावताना असतो तसा. "अहो, नोटीस आहे म्हणून ती दारात येऊन देते. निवडून, धुऊन, जुडी बांधून. काटाही नाही, वाट्याने देते, वर घालते. नोटीस काढलीत तर परत झाडाखाली जाऊन वाकून निवडावं लागेल. माझे गुडघे बघा."

मी आयुष्यभर शासनाच्या बाजूला बसलो. शासन चुकलं तर लोक संतापतील, कोर्टात जातील, मोर्चा काढतील असं मला वाटायचं. त्यापेक्षा सोपा मार्ग असतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं: लोक मान डोलावतात, शासनाभोवतीने वळसा घालून जातात आणि परतताना त्याला नमस्कार करतात.

वार्षिक सभेत मी पुन्हा निवडून आलो, बिनविरोध. भाव नियंत्रणाचा नियम अधिक कडक करावा असा ठराव आला. एकमताने मंजूर झाला. अध्यक्ष बंगळुरूहून परतले होते, ते माझ्या शिस्तीबद्दल भरभरून बोलले. बायकांच्या बाजूने एकच सूचना आली, तीही माझ्या तब्येतीच्या काळजीपोटी: सेक्रेटरींनी रोज सकाळी तासभर बाहेर फिरायला जावं.

मी जातो. साखर उतरली आहे. परवा मात्र कंबर धरली होती, म्हणून घरीच पडून राहिलो. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी, कुंदावहिनी आणि त्यांच्यामागे टोपली घेतलेली विठा. चौघींच्या चेहऱ्यांवर खरीखुरी काळजी होती. कुंदावहिनींनी चहाही न घेता विचारलं, "भाऊजी, रिक्षा बोलावू का? निदान स्टेशनपर्यंत तरी जाऊन या."