भोईरकाकांचं ग्रीस

भोईरकाका लग्नाला गेले की आधी वधूवरांकडे नाही, हॉलच्या पंख्याकडे बघत. पंखा कुरकुरला की त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. एकदा तर मंगलाष्टकं चालू असताना पंखा बंद करायला लावून टेबलावर चढले आणि नवरदेवाच्या फेट्यावर ग्रीसचा थेंब पडला. खाली उतरून म्हणाले, "डाग जाईल रे. बेरिंग गेला तर परत येत नाय."

दोन हजार सालच्या सुमाराला मुरबाडच्या एका कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली होतो. आमचं काम झीज मोजण्याचं. ग्रीस लावलेल्या पितळी पट्टीवर पोलादी गोळी तासन्‌तास घासायची, मग पट्टी किती झिजली ते बघायचं. काका प्रत्येक ग्रीस आधी बोटांत चोळत, मग हुंगत. डबा उघडा टाकणाऱ्याला विचारत, "तुज्या भाकरीवर धूळ उडवू का?"

एकदा नवं ग्रीस आलं. त्यात तांब्याची पूड होती, साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसू नये इतकी बारीक. 'नॅनो' हा शब्द काकांना इतका आवडला की घरी नातीला तीच हाक सुरू झाली. चाचणीत पट्टी फारशी झिजली नाहीच, उलट घासलेला भाग आधीपेक्षा टणक निघाला! काका ती रुमालात घेऊन कँटीनभर फिरले. "हात लाव, हात लाव. घासून घासून घट्ट झालीय!" भात वाढणाऱ्या मावशींनाही हात लावावा लागला.

उरलेलं ग्रीस त्यांनी साहेबांना विचारून घेतलं आणि रविवारी मला वैशाखरे गावी नेलं. तिथे त्यांच्या थोरल्या भावाची भातगिरणी होती. शेताच्या बांधावरून भांडण झाल्यापासून दोघं बोलत नव्हते.

"मग आलो कशाला?" मी विचारलं.

"भांडान दादाशी हाय. गिरणीशी नाय."

दादा पोत्यांकडे तोंड करून उभे राहिले. काकांनी बेरिंग उघडला, रॉकेलने पुसला, नवं ग्रीस भरलं. गिरणी सुरू झाली, जराही न कुरकुरता. दादांनी बराच वेळ कान दिला. मग तसेच पाठमोरे, दारात आलेल्या बायकोला म्हणाले, "त्याला इचार, च्या घेतो का."

काकांनी ग्रीसच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"वयनी," ते म्हणाले, "दादाला सांग, घेतो." आणि ग्रीसच्या हातानेच त्यांनी डोळे पुसले.

परतीच्या एसटीत त्यांच्या गालावर तांबूस पट्टा होता.