तुळेचं नववं पान

चिंगी आईशी गेले काही दिवस तीनच शब्दांत बोलत होती: हो, नाही आणि बघू. जेवणार का? हो. अजून भाजी? नाही. रविवारी बाहेर जायचं का? बघू. आई पाण्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती आणि कमी नमुन्यांवरून निष्कर्ष काढायची तिला सवय होती, पण तीन शब्दांवरून तिलाही फार काही काढता येईना.

कारण मात्र तिला ठाऊक होतं. या गावात बदलून आल्यापासून चिंगीला एकच मैत्रीण मिळाली होती. चिंगी तिला चष्मेवाली म्हणायची. ही चष्मेवाली पहिल्यांदा घरी आली त्या दिवशी दोघी एका पुस्तकात डोकं घालून बसल्या होत्या. 'विझत्या सूर्याची बारा जहाजं'. बारा राशी, प्रत्येक राशीचं एक अंतराळजहाज, प्रत्येक जहाजात एक मूल, आणि विझत चाललेल्या सूर्याची शेवटची ऊब एकमेकांपर्यंत पोचवायची. आईने बिस्किटांची ताटली ठेवता ठेवता सहज सांगितलं, की पृथ्वीचा आस डुलत असल्यामुळे पंचांगातल्या राशी आणि आकाशातल्या राशी केव्हाच एकमेकींपासून सरकल्या आहेत, तेव्हा हे सगळं मुळातच चुकीचं आहे. माहिती अचूक होती. चष्मेवालीने बिस्कीट अर्धं ठेवलं आणि ती घरी गेली.

"तू वाचलंस तरी आहेस का ते?" चिंगीने विचारलं होतं. त्यानंतर तीन शब्द.

हा प्रश्न आईला टोचत राहिला, कारण तो रास्त होता. नमुना न तपासता अहवाल द्यायचा नाही, हे ती स्वतःच लोकांना सांगत असे. पुस्तक चष्मेवालीचं होतं आणि शनिवारी परत जायचं होतं. गुरुवारी सकाळी चिंगी शाळेत गेल्यावर आईने ते टेबलावरून उचललं आणि पिशवीत घातलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने ते उघडलं. सुरुवातीलाच सूचना होती: 'आपल्या राशीपासून वाचायला घ्या.' म्हणून प्रत्येक राशीच्या पानांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होत होते. ही पद्धत आईला मुळीच पटली नाही. आपली रास आपल्याला माहीत नाही असं ती आयुष्यभर सांगत आली होती. पुस्तक मात्र तिने बरोबर कन्येपाशी उघडलं.

कन्या जहाजावरची मुलगी रोज सकाळी हवेच्या टाक्या मोजायची, आणि मोजून झाल्या की पुन्हा मोजायची. आईला ती फार समंजस वाटली. मग जहाजाचा दरवाजा अडकला. त्याच वेळी सुट्टी संपली. आईने पुस्तक पिशवीत टाकलं, पाण्याच्या बाटलीचं टोपण फिरवलं आणि बाटली पुस्तकाशेजारी उभी केली. ती बाहेरचं पाणी पीत नसे, कारण बाहेरच्या पाण्यात काय असतं हे ती रोज बघत असे. टोपण अर्धंच फिरलं होतं. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं, पण दरवाजा अडकलेला होता.

दुपारी पिशवी उचलली तेव्हा ती खालून टपटपत होती. पुस्तकाच्या मलपृष्ठापासून मध्यापर्यंत पाणी चढलं होतं.

आई घाबरली नाही. काचेची भांडी वाळवायचा ओव्हन होता. तिने पुस्तक उभं करून आत ठेवलं, तापमान चाळीसवर आणलं आणि वरच्या मजल्यावर बैठकीला गेली.

थोड्या वेळाने ओव्हनपाशी जंतूंच्या काकू आल्या. काकू पाण्यातले जंतू बघायच्या, निवृत्तीला आल्या होत्या, आणि ओव्हन नेहमी एकशे दहावर असतो यावर त्यांचा गाढ विश्वास होता. "कुणी गं हे चाळीसवर आणून ठेवलं? पापड वाळवायचेत का?" असं म्हणत त्यांनी बटण पुन्हा जागेवर नेलं, वरच्या कप्प्यात आपली भांडी ठेवली आणि खालच्या कप्प्यात बघायची त्यांना गरज वाटली नाही.

आई खाली आली तेव्हा खोलीत डिंकाचा वास होता. तिने दार उघडलं. आतला पंखा चालूच होता. पाठीचा डिंक वितळलेलं पुस्तक क्षणभर उभं राहिलं आणि मग सगळं एकदम बाहेर आलं. मेष गेली बेसिनखाली, मीन वजनकाट्यावर, मधल्या राशी जमेल तिथे.

"अगं बाई!" काकू धावत आल्या. "हे काय?"

"पुस्तक होतं."

"मग त्यात एवढं रडवेलं व्हायला काय झालं? आकड्यांनी लावू की पानं."

आईने जमिनीवरची दोन पानं उचलली. दोन्हींवर नऊ आकडा होता. तिसरं उचललं. नऊ.

"प्रत्येक आकडा बारा वेळा आहे, काकू."

काकू खाली वाकून पानं गोळा करायला लागल्या.

संध्याकाळी आई घरी पोचली, तर चिंगी दारातच उभी होती. "आई, माझं पुस्तक पाहिलंस का? टेबलावर होतं."

पूर्ण वाक्य! आईला इतका आनंद झाला की उत्तर द्यायचं क्षणभर राहूनच गेलं. "मी नेलंय," ती म्हणाली. "ऑफिसात वाचतेय."

"तू?" चिंगीचे डोळे मोठे झाले. "खरंच? कुठवर आलीस?"

"कन्या. दरवाजा अडकलाय."

"अगं, तो काहीच नाही!" चिंगी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली. "तुळेपर्यंत पोच. तिथे एक जागा येते, डोकंच गरगरतं. आम्ही दोघी पहिल्यांदा बोललो ना, ते त्याच्यावरूनच. नाहीतर ती वर्गात कुणाशी बोलायचीच नाही. मी पण नाही."

"काय आहे तिथे?"

"सांगणार नाही. तुझं तुला कळू दे. आई, पण जप हं. ते तिच्या मावशीने दिलंय. ती कुणाला हात लावू देत नाही. मला दिलं."

आईने कांदा चिरायला घेतला. डोळ्यांत पाणी यायला तेवढं कारण पुरेसं होतं.

शुक्रवारी सकाळचे नमुने उरकल्यावर आईने लांब टेबल पुसून घेतलं आणि कामाची आखणी केली. पाणी पुस्तकात मागून चढलं होतं. म्हणजे मागच्या पानांवर डाग मोठा, पुढे येता येता लहान. एकाच आकड्याची पानं डागाच्या मापाने लावली की सर्वांत मोठा डाग मीन, त्याआधी कुंभ, असं करत तुळेपर्यंत येता येईल. पुढची अर्धी पानं कोरडी होती. ती वाचूनच लावावी लागणार होती.

"एकशे दहा मी केलं," काकू म्हणाल्या. "तेव्हा वाचायचं काम माझं. चष्मा दे इकडे."

पहिली काही पानं काकू कुरकुरत वाचत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "हे सिंहाचं. दर ओळीत 'मी'. आणि हे घे कर्केचं, पुन्हा रडतेय बिचारी आईसाठी."

"काकू, स्वभावावरून नाही ठरवायचं. संदर्भ बघायचा."

"अगं, या पानावर मुलीने जेवणाआधी चमचा तीनदा पुसलाय. कुठे लावू?"

आईने पान बघितलं. "कन्या," ती हळूच म्हणाली.

"तुझी रास कुठली गं?"

"मी राशी मानत नाही."

"म्हणजे कन्याच." काकूंनी पान ढिगावर ठेवलं.

याच वेळी साहेब आत आले. हे प्रयोगशाळेचे प्रमुख. ते कधी रागावत नसत, फक्त थांबून बघत, आणि ते जास्त वाईट असे. ते थांबले. टेबलभर पानं, प्रत्येक ढिगावर नमुन्यांना लावतात तशी चिठ्ठी: मेष, वृषभ, मिथुन.

"मॅडम," ते म्हणाले, "आपण आता हेही तपासायला लागलो का?"

आईने सगळं क्रमाने सांगितलं. पुस्तक, बाटली, ओव्हन, चिंगी, चष्मेवाली, शनिवार. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. साहेबांनी ऐकून घेतलं, वरचं एक पान उचललं, उभ्या उभ्या वाचलं, उलटून वाचलं.

"हा मकर जहाजावरचा मुलगा," ते म्हणाले, "सगळे झोपलेत आणि हा एकटा इंजिन ढकलतोय. कुणी त्याला विचारत पण नाही."

"हो सर."

"याचं पुढचं पान कुठंय?"

काकूंनी मान खाली घातली, कारण त्यांना हसू येत होतं. साहेब खुर्ची ओढून बसले.

दुपारपर्यंत बाराही ढीग उभे राहिले. पण दुसऱ्या व्यक्तीने तपासल्याशिवाय इथून काहीच बाहेर जात नसे, म्हणून डागांवरून लावलेली पानं काकूंनी वाचून पाहिली आणि तुळेपाशी अडल्या.

"इथे घोळ आहे. तुळेची मुलगी दार उघडायला हात पुढे करतेय. पुढच्या पानावर एक पोरगा भाजलेला हात धरून खदाखदा हसतोय. हे तर धनूचं पोरगं."

आईने मोजपट्टी लावली. "डाग तर तुळेचाच आहे."

"आणि धनूत बघ. तिथे तो पोरगा आगीत हात घालतोय, आणि पुढच्या पानावर ही मुलगी म्हणतेय, दाराचं उद्या ठरवू, आणि झोपायला जातेय. दोन्ही नववी पानं. अदलाबदल झालीय."

आईने पुन्हा मोजलं. एकदा, मग अर्थातच पुन्हा एकदा. डाग ठाम होते. तुळेत बसलेलं पान तुळेतच होतं, असं ते सांगत होते.

"डाग काय बोलतो ते सोड," काकू म्हणाल्या. "पोरं काय बोलतायत ते ऐक."

गेल्या आठवड्यात आईने हे ऐकलं नसतं. आता तिला ते वाक्य आपल्याच घरासाठी असल्यासारखं वाटलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा मोजमाप बाजूला ठेवलं आणि दोन पानांची अदलाबदल केली. गोष्ट सरळ वाहायला लागली. डोकं गरगरण्यासारखं तुळेत काहीच सापडलं नाही, पण आईला वाटलं, आपलं वय झालं असेल.

काकूंनी जाड दोऱ्याने पाठ शिवली, वर डिंक लावला. साहेबांनी आपल्या खोलीतले दोन जाडजूड ग्रंथ आणून पुस्तकावर दाबायला ठेवले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा उपयोगी पडले," ते म्हणाले. आईला दोघांचे आभार मानायचे होते, पण शब्द नीट जुळेनात. "उद्या मी डबा जास्त आणते," एवढंच ती म्हणाली. "उद्या सुट्टी आहे," काकू म्हणाल्या.

शनिवारी दुपारी चष्मेवाली आली. आईने दोघींना समोर बसवलं, पुस्तक मध्ये ठेवलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "चिंगीचा यात काही दोष नाही. मी न विचारता नेलं. आणि त्या दिवशी न वाचता बोलले, तेही चुकलंच."

चिंगीचा चेहरा पांढरा पडला होता. ती आईकडे बघत नव्हती, मैत्रिणीकडे बघत होती. चष्मेवालीने पुस्तक हातात घेतलं. पाठीवरचे टाके बोटाने चाचपले. मग तिने तूळ उघडली, नववं पान काढलं आणि वाचलं.

"गाठ कुठे गेली?" ती म्हणाली.

"कसली गाठ?"

"काळाची गाठ!" चिंगी उडालीच. तिने पुस्तक ओढून घेतलं. "आई, इथे ती दाराला हात लावते आणि पान उलटलं की तो होतो! धनूचा मुलगा! म्हणजे ते दोघं एकच आहेत, दोन काळांतले! आणि धनूत तो आगीत हात घालतो आणि ती बनून झोपते! कुठे गेलं ते?"

आईला डाग आठवले. डाग खरं बोलत होते. पुस्तक बांधणाऱ्याने मुळातच दोन नववी पानं उलटसुलट बसवली होती, आणि आकडे तेच असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि त्या चुकीवर या दोन मुली पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या होत्या.

"मी..." आई म्हणाली, "मी ते दुरुस्त केलं."

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. चष्मेवालीने नवं पान मोठ्याने वाचलं. "'दाराचं उद्या ठरवू, असं म्हणून ती झोपायला गेली.' शी! म्हणजे एवढंच होतं?"

"एवढंच!" चिंगी म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. "आपण केवढं काय काय बोललो त्याच्यावर!" मग चष्मेवालीही हसायला लागली, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत.

हसणं ओसरल्यावर तिने पुस्तक आईपुढे सरकवलं. "काकू, आधीसारखं करून द्याल?"

"पण आता तुम्हाला खरं काय ते कळलंय."

"कळू दे की," चष्मेवाली म्हणाली. "आमचं जास्त चांगलं आहे."

आईने कात्री आणली, चष्मा लावला. जंतूंच्या काकूंचे टाके एकेक करून उसवताना तिच्या दोन्ही खांद्यांवरून दोन डोकी पुढे वाकली होती. "इकडे, इकडे. नाही, उलटं." "आई, नीट चुकव हं." कुठेतरी एखाद्या पेंगुळलेल्या दुपारी ज्या कुणाचा हात चुकला असेल, त्या अनोळखी बांधणीवाल्याचे तिने मनातल्या मनात आभार मानले. खांद्यावर चिंगीची हनुवटी टेकली होती आणि तिच्या बोलण्यात आता शब्दांची मोजदाद उरली नव्हती.

दोन्ही पानं बसवून झाल्यावर तिने सवयीने डागाला मोजपट्टी लावली. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा लावली. चूक अगदी बरोबर बसली होती.