न हलणारा आकडा

दुरुस्ती विभागाच्या प्रमुखांना लिफ्ट कंपनीतले सगळे फौजदार म्हणत, कारण ते स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागतील असे गृहस्थ होते. त्या दिवशी सकाळी त्यांनी संगणकावर सगळ्या विभागांचे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड उघडला आणि चहाचा कप बाजूला सारला. दुरुस्त केलेल्या शंभर लिफ्टपैकी चाळीस पुन्हा बंद पडतात, असं समोर लिहिलं होतं.

प्रकरण साधं नव्हतं. मालकीणबाईंनी जाहीर केलं होतं, की दुरुस्ती आणि नवी उभारणी या दोन विभागांपैकी ज्याचा बंद पडणाऱ्या लिफ्टचा आकडा मोठा, त्याच्या प्रमुखाला नव्या शाखेवर धाडायचं. नवी शाखा म्हणजे जगाच्या टोकाला. माणूस किती राबला हे बघायला मालकांना जिने चढावे लागतात. आकडा बसल्या जागी दिसतो. आणि उभारणी विभागाचा प्रमुख होता फौजदारांचा सख्खा मेहुणा.

"भाऊजी, चेहरा का उतरलाय?" मेहुण्याने दारातूनच विचारलं.

"तुझा आकडा किती?"

"असले प्रश्न नात्यात विचारू नयेत," म्हणून तो हसत निघून गेला. त्या हसण्यानेच फौजदारांची खात्री पटली. डॅशबोर्डचे फॉर्म्युले लिहिणाऱ्या बाईंना याने फितवलंय.

ते तडक बाईंच्या टेबलाशी गेले. बाईंनी आपला संगणक त्यांच्याकडे वळवला. "माझ्याकडे तर तुमचा आकडा बारा दिसतोय."

"तुमच्याकडे बारा आणि माझ्याकडे चाळीस! म्हणजे दाखवायचं एक आणि खायचं एक?"

"तुमच्याकडे काहीतरी निवडून ठेवलेलं राहिलं असेल, साहेब. एखाद्या नावावर बोट लागलं असेल."

"मी कशाला बोट लावतो? मी फक्त लक्ष ठेवतो."

बाईंनी फॉर्म्युला उघडला. महिरपी कंसात एक डॉलर बसला होता. फौजदारांचे डोळे बारीक झाले. "हा परदेशी पैसा आपल्या लिफ्टमध्ये कुठून आला?"

"पैसा नाही हो! ती खूण आहे. डॉलर असला, की तुम्ही जे निवडाल त्याप्रमाणे आकडा बदलतो. त्या जागी एक हा अंक लिहिला, की काहीही निवडा, आकडा हलत नाही. कारण मग तो..."

"कळलं, कळलं." फौजदार उठलेही होते. आकडा हलत नाही! हवं ते त्यांना मिळालं होतं. कारणं ऐकत बसणाऱ्यातले ते नव्हते.

फॉर्म्युल्यात हात घालायची परवानगी त्यांनी पूर्वीच भांडून मिळवली होती, कुणी लबाडी केली तर पकडता यावी म्हणून. जेवणाच्या सुट्टीत खोलीचं दार लावून त्यांनी डॉलर काढला आणि एक बसवला. आकडा झाला एकतीस. त्यांनी महिना बदलला, एकतीस. वर्ष बदललं, एकतीस. मग मेहुण्याचा विभाग निवडला. तिथेही एकतीस!

"पडलं पितळ उघडं," ते पुटपुटले. बाईंचा बारा त्यांना आमिष वाटत होता आणि चाळीस हा कट. जो हलत नाही तोच खरा. शिवाय बरोबरी झाली, तर नोकरीत जुने तेच होते. जगाच्या टोकाला मेहुणा जाणार होता.

दुपारी बैठक बसली. मालकीणबाईंनी भिंतीवरच्या पडद्यावर दुरुस्ती निवडली. एकतीस. उभारणी निवडली. एकतीस.

"अरे वा! दोघं घरी बसून ठरवून आलात का?"

"मॅडम, मी तर यांच्याशी धड बोलतही नाही," मेहुणा म्हणाला. त्याचं हसू मावळलं होतं.

मालकीणबाईंनी चहाचं खातं निवडलं. एकतीस. "आपल्या चहाच्या किटल्या कधीपासून वरखाली करायला लागल्या?" सगळे हसले. मग त्यांनी नवी शाखा निवडली. तिथेही एकतीस. आता कुणी हसलं नाही. "ज्या शाखेचं अजून कुलूपसुद्धा उघडलेलं नाही, तिथल्या लिफ्ट बंद पडतायत?"

बाईंनी फॉर्म्युला उघडला आणि कपाळाला हात लावला. "डॉलर काढून कुणीतरी एक घातलाय. हा अख्ख्या कंपनीचा, जुन्या वाईट वर्षांसकट सुरुवातीपासूनचा आकडा आहे. कुठेही बोट ठेवा, हाच येणार." त्यांनी खूण परत बसवली. दुरुस्ती, यंदा बारा. उभारणी, यंदा एकोणीस.

"मग सकाळी माझ्याकडे चाळीस का होता?" फौजदार ओरडले.

बाईंनी त्यांचं खातं पडद्यावर उघडलं. एका मेकॅनिकच्या नावावर हिरवा पट्टा होता. "चाळीस या एकट्याचे आहेत. याला निवडून तुम्ही तसंच सोडलंय."

फौजदारांना आठवलं. त्या मेकॅनिकवर त्यांचा संशय होता, म्हणून त्यांनी आदल्या दिवशी त्याचं नाव उघडून बघितलं होतं. संशय अगदी बरोबर निघाला होता. पण बारा! विभाग वाचला होता! ते आनंदाने अर्धे उठले. मेहुणा खुर्चीत रुतत चालला होता.

"बसा," मालकीणबाई म्हणाल्या. "एकोणीस काही वाईट नाही. मला ही लबाडी जास्त झोंबतेय. फॉर्म्युला ज्याने बदलला, तोच नव्या शाखेवर जाईल. फौजदार, चौकशी तुम्ही करायची. तुमच्याइतका संशयी माणूस माझ्याकडे दुसरा नाही."

"सोपं आहे, साहेब," बाई उत्साहाने म्हणाल्या. "बदल करणाऱ्याचं नाव आत नोंदलेलं असतं. उद्या सकाळी काढून देते."

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "काय ठरलं? माझ्या भावाला पाठवतायत का?"

"नाही."

"मग तुम्हाला?"

"ज्याने फॉर्म्युल्यात लबाडी केली त्याला. चौकशी चालू आहे."

"कोण करतंय?"

"मीच."

बायकोने सुटकेचा श्वास टाकला. "मग काळजी नाही. तुम्हाला आजवर एक तरी चोर सापडलाय का?"