मुरूडची गाडी, दोनदा

लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातात वरणाची बादली दिसली की आमचे व्यंकटराव पाटावरून अर्धे उठतात, तोंडाशी हाताचा कर्णा करतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, ‘‘लक्ष द्या! वरणाची बादली दुसऱ्या रांगेत लागत आहे. पहिल्या रांगेच्या मंडळींनी घाई करू नये!’’ वाढपी गोंधळून खरोखरच दुसऱ्या रांगेत वळतो.

लातूरच्या बसस्टँडवर माइकपुढं बसून व्यंकटरावांनी अख्खी नोकरी काढली. नोकरी सुटली, माइक सुटला नाही. डॉक्टरांनी शुगर वाढल्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘म्हंजे गाडी लेट हाय, रद्द न्हाई.’’ पाऊस लांबला, गाडी लेट हाय. जावयानं नांदेडहून यायचं पुढं ढकललं, गाडी लेट हाय, रद्द न्हाई. कॉलनीतली पोरं त्यांना मागून भोंगा म्हणतात. हे त्यांना माहीत आहे आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. ‘‘भोंग्याबिगर स्टँड म्हंजे गोठा,’’ असं त्यांचं मत आहे.

मी माधवराव, त्यांचा शेजारी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. संध्याकाळचा चहा आम्ही माझ्या ओट्यावर घेतो, त्यांच्या मंडळी, शांताबाई, वारल्यापासून. गेलं वर्षभर तो चहा मला गोड लागत नव्हता. त्याचं कारण आता सांगून टाकतो.

आमच्या गल्लीचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. तो पाण्यासाठी काढलेला. लातूरला नळ रोज येत नाहीत. नळ आले की ज्याला पहिल्यांदा कळेल त्यानं ग्रुपवर टाकायचं, मग सगळे हंडे-पिंप घेऊन धावतात. चुकलं तर पुढच्या पाळीपर्यंत टँकर. या ग्रुपचा मालक, म्हणजे अॅडमिन, मी.

व्यंकटराव त्यात आले आणि रोज संध्याकाळी त्यांचा आवाज यायला लागला. ‘‘प्रवाशांनी लक्ष द्यावे! मुरूडला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे!’’ की लगेच पुन्हा तेच. रोज हे लातूरजवळचं मुरूडच, आणि रोज दोनदा. लोक आधी हसले, मग वैतागले. नव्यानं राहायला आलेल्या एक बाई खरंच पिशवी भरून स्टँडवर जाऊन आल्या. एके दिवशी तर नळ आल्याचा निरोप मुरूडच्या गाडीखाली सापडला. कुणी म्हणालं ‘बंद करा काका’, व्यंकटरावांनी त्याला आवाजातच उत्तर दिलं, त्यावर आणखी उत्तरं आली, आणि त्या गर्दीत पाण्याचा निरोप वर कुठंतरी निघून गेला. निम्म्या गल्लीची पिंपं कोरडी राहिली. मी रागाच्या भरात अंगठा दाबला आणि व्यंकटरावांना ग्रुपमधून काढून टाकलं.

सकाळी ते मोबाइल घेऊन ओट्यावर हजर.

‘‘माधवराव, माझा आवाज जाईना झालाय. ग्रुपातून काढलंय म्हणं मला. हे कुणाचं काम?’’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘मोबाइल कंपनीचं असंल. ते लोक काढतात असं कधीकधी.’’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मोबाइलकडं बघितलं. मग म्हणाले, ‘‘अस्सं. कंपनी. मग कलम एकोणीस!’’

त्या दिवसापासून लातूरला कलम एकोणीसनं पछाडलं. घटनेनं भाषणस्वातंत्र्य दिलंय, म्हणजे कुणी कुणाला कुठंच गप्प करू शकत नाही, असा व्यंकटरावांचा सरळ हिशोब. सलूनवाल्यानं गालाला वस्तरा लावून ‘काका, आता बोलू नका’ म्हटलं, तर तोंडाला फेस असताना हे ओरडले, ‘‘एकोणीस!’’ हॉटेलात ‘राजकारणावर चर्चा करू नये’ अशी पाटी होती. हे पाटीखालीच बसून राजकारणावर बोलले आणि मालकानं बिल आणून दिलं, तर ‘‘ही मुस्कटदाबी हाय,’’ म्हणाले. पेपरवाल्यानं त्यांचं पत्र छापलं नाही, तेही एकोणीस. एका मुंजीत कुणीतरी त्यांना ‘तुमचं चुकतंय’ म्हणालं, तर ‘‘माझ्या बोलण्याला चूक म्हणणं हाच माझ्या स्वातंत्र्यावर घाला,’’ इथपर्यंत गाडी गेली.

कंपनीविरुद्धचा अर्ज घेऊन ते कलेक्टर ऑफिसला गेले. तिथल्या कारकुनानं तो उलटसुलट वाचून सांगितलं, ‘‘काका, कंपनी म्हणजे गॅसची का? मग पुरवठा शाखेत द्या.’’

शेवटी मीच त्यांना आमच्या गल्लीतल्या वैशाली कांबळे वकीलबाईंकडं नेलं. वाटलं, कायदा समजला की थंड होतील आणि माझी सुटका होईल.

‘‘काका,’’ वैशालीबाई म्हणाल्या, ‘‘एकोणीस कलम आहे ते सरकारला बांधून ठेवायला. उद्या सरकारनं तुमचं तोंड दाबलं तर मी फी न घेता लढते. पण सलूनवाला काय सरकार आहे?’’

‘‘न्हाई.’’

‘‘गावाकडं पारावर कुणी बसायचं, कोण ठरवतं?’’

‘‘कोण ठरवणार? पार समद्या गावाचा.’’

‘‘आणि तुमच्या ओट्यावर?’’

‘‘मी ठरवतो की!’’

‘‘मग कंपनीचा ओटा कंपनीचा. बसा म्हटलं तर बसायचं, उठा म्हटलं तर उठायचं. वाईट वाटेल, पण ते कलम तिथं लागत नाही. आणि तुम्हाला बोलायचा हक्क आहे तसा समोरच्याला ‘चुकलं’ म्हणायचा आहे, उठून जायचाही आहे.’’

व्यंकटरावांनी अर्जाची घडी खिशात घातली. मग म्हणाले, ‘‘पर वकीलबाई, ह्या ओट्यावर सारा देश येऊन बसलाय की. मग त्याला ओटा कसं म्हणायचं?’’

वैशालीबाई हसल्या. ‘‘हे मात्र लाख बोललात. त्यावर मोठी मोठी माणसं भांडतायत. पण ते नवा कायदा करून सुटंल तर सुटंल, तुमच्या अर्जानं नाही.’’

मी सुटकेचा निःश्वास सोडणार, तोच बाहेर पडताना व्यंकटराव म्हणाले, ‘‘ठरलं. सोमवारी कलेक्टर ऑफिससमोर उपोषण.’’

‘‘अहो, आत्ता त्यांनी काय सांगितलं? कलम लागत नाही!’’

‘‘कलम लागत न्हाई तर नवा कायदा करा म्हणून बसतो. जोवर कंपनी खरं बोलत न्हाई, तोवर पाण्याशिवाय काही घेणार न्हाई.’’

शुगरचा माणूस. एक वेळचं जेवण चुकलं तर घाम फुटतो, हात थरथरतात. हे मी डोळ्यांनी बघितलेलं. आणि कंपनी म्हणजे मी. रविवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. संध्याकाळी ते ओट्यावर आले, हातात सतरंजीची गुंडाळी, उद्याची तयारी. मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि तो खाली ठेवायच्या आत बोलून टाकलं.

‘‘व्यंकटराव, उपोषण करू नका. कंपनीनं नाही, मी काढलं तुम्हाला. पाण्याचा राग होता. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही.’’

ते चहा फुंकत राहिले.

‘‘ठाव हाय मला.’’

‘‘काय?’’

‘‘आवो, त्या मोबाइलवर सरळ लिहून येतंय, माधवरावांनी तुम्हाला काढलं. मला वाचता येत न्हाई का? स्टँडवर बोर्ड वाचूनच जल्म गेला माझा.’’

‘‘मग वर्षभर कंपनी, कंपनी कामून करत होता?’’

‘‘तुमी कंपनी म्हणला, मी बी कंपनी म्हणलो. आता बगा, कंपनीशी भांडलं तर कंपनी काय संध्याकाळी चहा बंद करती? तुमच्याशी भांडलो असतो, तर चहा कुणासंगं प्यायचा होता मी?’’

‘‘आणि हे उपोषण?’’

‘‘कुठलं उपोषण! तुमी किती दिवस गप बसता, ते बगत होतो. सतरंजी धुवायला काढली हाय.’’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘गाडी लेट आली. रद्द न्हाई झाली.’’

मला हसू आलं. ‘‘चला, पुन्हा घेतो तुम्हाला ग्रुपात,’’ म्हणून मी मोबाइल काढला, तर त्यांनी माझा हात धरला.

‘‘नगं. तो पाण्याचा ग्रुप हाय. बरोबर काढलं तुमी. लोकांची पिंपं कोरडी राहिली.’’

‘‘पण मग ती मुरूडची गाडी म्हणजे काय होतं? आणि दोनदा कामून?’’

व्यंकटरावांनी पहिल्यांदा आवाज खाली आणला. इतका, की मला पुढं वाकावं लागलं.

‘‘आमचं घर पहिल्यानं स्टँडच्या मागं व्हतं. भिंतीपलीकडं. शांताला माइक ऐकू जायचा. तिचं माहेर मुरूड. ड्युटी सुटायच्या टायमाला मी मुरूडची गाडी दोनदा पुकारायचो. दोनदा आली की ती वळखायची, मानूस निघाला. घरी पोचंस्तोवर चहा उकळलेला असायचा.’’ ते ओट्यावरची धूळ हातानं झाडत राहिले. ‘‘ती गेल्यावर घरातून पुकारलं तर कुणाला ऐकू जानार? म्हणून ग्रुपावर. कुणी यावं म्हणून न्हाई. पुकारल्याबिगर दिवस सुटत न्हाई, बस.’’

आता त्यांनी स्वतःचा ग्रुप काढलाय. नाव ‘खुला फलाट’. गल्लीतले बरेचजण भिडेखातर त्यात गेले. सलूनवाल्यानं सकाळी गुलाबाचं फूल टाकलं, त्याला काढलं. त्या पिशवीवाल्या बाईंनी पाककृती टाकली, त्यांना काढलं. मी म्हटलं, ‘‘काय व्यंकटराव, कलम एकोणीस?’’ तर म्हणाले, ‘‘हितं लागू न्हाई. वकीलबाईंना इचारा. ओटा माझा हाय.’’

असं करत करत त्या फलाटावर सध्या आम्ही दोघंच उरलो आहोत.

संध्याकाळी मोबाइल वाजतो. मुरूडची गाडी लागत असते. मी दुसऱ्यांदा पुकारलेली ऐकतो आणि उठून पातेलं चढवतो.