मस्तकाच्छादन उपसमिती

चर्चमध्ये बायकांनी डोकं झाकावं की नाही, हा प्रश्न पॅरिश समितीपुढे रीतसर आला, तेव्हा शिवणमावशींच्या नोव्हेनाचा, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा, दुसरा दिवस होता. लेकीच्या हृदयाची झडप बदलायची होती. शस्त्रक्रिया नवव्या दिवशी सकाळी आठला. मावशींनी शिवणयंत्र झाकून ठेवलं आणि रोज सकाळच्या मिस्सेला तिसऱ्या बाकाशी गुडघे टेकू लागल्या. डोक्यावर कधी ओढणी असे, कधी घाईत राहून जाई. देवाने आजवर हरकत घेतली नव्हती.

हरकत घेतली ती जाणत्यांनी. एक पक्ष म्हणाला, झाकणं ही श्रद्धा. दुसरा म्हणाला, झाकणं ही गुलामगिरी. दोन्ही पक्षांत बायका सोडून सगळे होते. शेवटी तीन पुरुषांची मस्तकाच्छादन उपसमिती नेमली गेली. तिघांना मिळून एका डोक्यापुरतेही केस नव्हते. सचिव म्हणजे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक.

उपसमितीने ठरवलं, की आच्छादन पूर्णतः ऐच्छिक राहील. मात्र इच्छा स्वतःचीच आहे, याचा पुरावा म्हणून प्रत्येकीने झाकण्याच्या अर्जावर नवऱ्याची सही आणावी.

"साहेब, आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली," मावशी हळूच म्हणाल्या.

"मग तुमची इच्छा सिद्ध कशी व्हायची, मावशी?"

"मी सांगते ना."

"तुम्ही तर सांगालच हो! अर्जदाराचं म्हणणं पुराव्यात धरत नाहीत."

अर्ज प्रलंबित राहिला. पाचव्या दिवसापासून झाकलेल्या उजवीकडे आणि उघड्या डावीकडे बसू लागल्या. सहाव्या दिवशी ऐन 'नमो मारिया'त मावशींची ओढणी घसरली. सचिव वाकून कुजबुजले, "प्रवर्ग बदलला. पलीकडे चला." उरलेली प्रार्थना मावशींनी डावीकडे पूर्ण केली. सातव्या दिवशी जाळीच्या ओढण्यांची भोकं मोजण्यात आली.

संध्याकाळी लेकीचा रुग्णालयातून फोन आला. मावशींनी सगळं सांगितलं.

"आई, भोकांचं राहू दे गं. माझं नाव घेतलंस ना?"

"घेतलं बाळा. अर्धं उजवीकडे, अर्धं डावीकडे."

नवव्या दिवशी सचिव दारातच वही घेऊन उभे. "झाकून जाता येणार नाही, मंजुरी नाही. उघड्याने जाता येणार नाही, अर्ज झाकण्याचा आहे."

मावशींनी फादरांकडे पाहिलं. "फादर, तुम्ही तरी सांगा यांना!"

"काय सांगू, बाई? माझ्याच टोपीचा अर्ज आत पडलाय."

घड्याळात आठ वाजले. जन्मात कुणाला 'सरका' न म्हटलेल्या मावशींनी सचिवांना वहीसकट बाजूला सारलं, सरळ आत गेल्या आणि दोन्ही बाजूंच्या मधोमध फरशीवर गुडघे टेकून मोठ्याने रडत म्हणाल्या, "देवा, माझी पोर!"

झाडून सगळ्या माना वळल्या. वेदीकडे पाठ झाली, तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

चौकशी झाली. एक्केचाळीस साक्षीदारांपैकी वीस जणांनी डोकं झाकलेलं पाहिलं, वीस जणांनी उघडं. एकाने दोन्ही पाहिलं. बाई रडत का होती, हे एकालाही सांगता आलं नाही.

लेक संध्याकाळी शुद्धीवर आली, हसली. अहवालात हे नाही.

आणि तुम्ही? तुम्हीही मघापासून मनात हेच घोळवताय ना, की ओढणी नक्की होती की नव्हती? या. उपसमितीत एक जागा रिकामी आहे.