चोवीस मिनिटे कोणी चोरली?

ज्याच्या मौनालाही पुराव्याचे मोल यावे, ज्याच्या कपाळावरील आठीत शहरातील निम्मी गुपिते विसावलेली असावीत, असा मनुष्य शतकातून एकदाच जन्मतो. या शतकातला तो मी. घरी मला ‘शोध्या’ म्हणतात. त्यांच्या प्रेमाची भाषा थोडी ओबडधोबड आहे.

त्या सकाळी वहिनींची हाक आली. “भावोजी, हा संगणक चालू व्हायला पुन्हा चोवीस मिनिटं!”

वहिनी मुद्रितशोधक. एका जाडजूड कोशाची तपासलेली अखेरची पाने बारापर्यंत छापखान्यात पोहोचली नाहीत, तर कोशाचा दुसरा खंड दुसऱ्या कोणाच्या टेबलावर जाणार होता. साडेदहा वाजले होते. दहा वर्षांच्या त्या संगणकाच्या पडद्यावर एक चक्र, जुन्या विरहासारखे, स्वतःभोवतीच घुटमळत होते.

“ही मिनिटे कोणीतरी चोरत आहे,” मी जाहीर केले.

“चोराला म्हणावं, बारानंतर ये.”

पहिला संशय उष्म्यावर. मी टेबलफॅन संगणकाकडे वळवला आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला. संगणक गार झाला नाही. वहिनी मात्र तापल्या, कारण त्यांची टिपणे खिडकीबाहेर निघाली होती.

दुसरा संशय दादाने साठवलेल्या अकरा हजार फोटोंवर. वजनाचा अंदाज घेण्यासाठी मी संगणकाचा डबा दोन्ही हातांनी उचलला. जड होता! पण त्या भरात वायर निसटली, आणि चोवीस मिनिटे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

“भावोजी, अकरा वाजून गेले,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता थट्टेचा नव्हता.

मी खालच्या मजल्यावरील दंतवैद्यांना गाठले. “आपले यंत्र आमची वीज ओढते, असा माझा आरोप आहे.”

“तोंड उघडा,” ते म्हणाले. “हं. अक्कलदाढ अजून आलेली नाही.”

ही माहिती प्रकरणाशी असंबद्ध असल्याने मी ती नोंदवली नाही.

परतलो तर संगणकासमोर आई. ग्रंथालयाच्या वाचनकक्षातील संगणक तिने निवृत्तीपर्यंत रोज सकाळी चालू केले होते. संगणक एकदाचा चालू झाला होता, पण पाने उघडेनात; टास्क मॅनेजर उघडून ती स्टार्टअपची यादी वाचत होती.

“संगणक जागा झाला, की हे सगळे न बोलावता उठून बसतात. वेगवर्धक, अतिवेग, झटपट सफाई, महावेग... वेग वाढवायला नऊ जण! दारातच चेंगराचेंगरी. कोणी आणले रे हे?”

संगणक मंदावल्याच्या प्रत्येक दिवशी, उपाय म्हणून, मीच एकेक आणून बसवला होता. मी छताकडे पाहिले. छत निर्दोष होते.

आईने नऊही जणांना एकेक करून बंद केले. विषाणूंपासून राखण करणाऱ्या दहाव्याला तेवढे ठेवले. “हा कामाचा आहे.” मग संगणक पुन्हा चालू केला. वहिनी घड्याळाकडे बघत राहिल्या.

तीन मिनिटे.

अकरा छप्पन्नला पाने गेली. लगेच उत्तर आले : मिळाली. दुसरा खंड सोमवारी पाठवतो.

वहिनी खुर्चीत मागे रेलल्या. मी घसा खाकरला. “नऊही आरोपी माझ्या व्यक्तिगत परिचयाचे होते. तपास अवघड गेला तो त्यामुळेच.”

“भावोजी, सोमवारी तुम्ही एखादं दुसरं प्रकरण घ्या. लांबचं.”

“किती लांबचे?”

“जेवायला घरी येता येणार नाही, इतकं.”