दोन मिनिटं अकरा सेकंदांवरची खुर्ची

किशनअण्णांनी आपल्या हॉलमध्ये एका इंग्रज ड्रमवादकाचं सहस्रचंद्रदर्शन केलं. समारंभाला नऊ माणसं हजर होती. ड्रमवादक नव्हता.

"उत्सवमूर्ती कुठं आहेत?" भटजींनी विचारलं.

"दौऱ्यावर," अण्णा म्हणाले.

पाटावर फोटो होता. फोटोतला माणूस उघडाबंब, केस खांद्यापर्यंत, तोंड वासलेलं. चौकटीला जरीकाठी उपरणं गुंडाळून अण्णांनी तेवढं निभावून नेलं होतं. संकल्पाच्या वेळी गोत्राचा प्रश्न आला. अण्णांची तयारी होती. "गोत्र ठाऊक नसलं की काश्यप. शास्त्र आहे." भटजींनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि त्या माणसाला काश्यप गोत्रात घेतलं. शेजारच्या दोघी जणींनी औक्षण केलं. चिरोटी चांगली झाली होती.

कारण साधं होतं. त्या महिन्यात या ड्रमवादकाच्या बँडचा नवा आल्बम आला होता. "एक्याऐंशीव्या वर्षी आपले लोक काय काढतात? दात," अण्णा म्हणाले. "ह्यानं आल्बम काढला. सत्कार नको?"

किशनअण्णा येलहंकात माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. वय चौऱ्याहत्तर. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बंगळूरला आले. फौज परत निघाली तेव्हा ते जेवत होते, म्हणून राहिले, असं अण्णा सांगतात. मी बेळगावकडचा. वरच्या मजल्यावर मराठी माणूस आला हे कळताच त्यांनी मला खाली बोलावलं, चाळीस मिनिटं इलेक्ट्रिक गिटार ऐकवली आणि मग नाव विचारलं. मी वर्तमानपत्रात आहे म्हटल्यावर नाव विसरून गेले. तेव्हापासून मी "रिपोर्टर".

चौतीस वर्षं ते एका सरकारी कारखान्यात सुट्या भागांचे तपासनीस होते. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. त्यांच्या कपाटात रंगीत चिठ्ठ्यांची तीन पाकिटं असतात. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्तीला, लाल म्हणजे भंगार. एखाद्या म्हाताऱ्या रॉकवाल्याचा नवा आल्बम आला की त्याला ते हिरवी चिठ्ठी लावतात, न ऐकता. "आवाज गेलाय, कबूल. सूर पण स्वल्प गेलाय. पण माणूस स्टुडिओत आला की नाही? पास."

जुन्या आल्बमची नवी आवृत्ती निघाली की मात्र दयामाया नाही. जुनी तबकडी आणि नवी तबकडी पाळीपाळीनं लावायची, वही घेऊन बसायचं. इथं गायकाचा श्वास पुसला. इथं कोणी खोकला होता, तो गेला. मग लाल चिठ्ठी. "हजार वर्षांच्या देवळाला ऑइलपेंट मारतात बघा, तसं केलंय लेकाच्यांनी."

तबकड्या ते स्वतः धुतात. रिठ्याच्या पाण्यानं. मग मऊ जुन्या साडीनं टिपून, मधल्या भोकातून सुतळी ओवून, बाल्कनीत सावलीला टांगतात. सहस्रचंद्रदर्शनाच्या सकाळीही त्यांनी एक तबकडी टांगली होती. त्याच बँडची, पन्नास वर्षांपूर्वीची. पूजेनंतर पाहुण्यांना ऐकवायची होती. पण भटजींना उत्सवमूर्तीचं नाव उच्चारायला जड गेलं. ते दर वेळी नव्यानं अडखळत, आणि अण्णा दर वेळी दुरुस्त करून पुन्हा म्हणायला लावत. होम तासभर लांबला. तेवढ्यात ऊन फिरलं.

तबकडी उतरवली तेव्हा तिच्या कडा तळलेल्या पापडासारख्या वर आल्या होत्या.

अण्णांनी तिला लाल चिठ्ठी लावली नाही. गादीखाली ठेवली, सपाट होईल म्हणून. पंधरा दिवस ते तिच्यावर झोपले. झाली नाही.

पाच महिन्यांनी ते जिना चढून माझ्याकडे आले. हातात छापून आणलेली जाहिरात. तोच जुना आल्बम नव्यानं निघणार होता. चार तबकड्या, जाड पुस्तक, भिंतीवर लावायचं चित्र, सगळं एका पेटीत. "प्रत्येक अनावश्यक आवाज काढून टाकलेला" ही ओळ अण्णांनी लाल पेनानं अधोरेखित केली होती.

"रिपोर्टर, कंपनीला पत्र लिहायचं. इंग्रजीत. कडक."

मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. दुसरी बाजू, तिसरं गाणं, दोन मिनिटं अकरा सेकंद. तिथं ड्रमवादकाची खुर्ची करकरते. ती करकर ठेवली आहे किंवा कसे, ते कृपया कळवावे.

"जुनी तबकडी मिळेल की कुठंतरी," मी म्हटलं.

"मिळाली. चिकपेटच्या मागच्या गल्लीत. नेमका त्याच जागी ओरखडा. खुर्चीवरून बैलगाडी जाते."

"आणि फोनवर?"

"अय्यो, ते आधीच धुतलेलं."

कंपनीचं उत्तर चार दिवसांत आलं. तुमच्यासारख्या श्रोत्यांचा आम्हाला अभिमान वाटतो. असे सर्व दोष आधुनिक तंत्रानं काळजीपूर्वक दूर केले आहेत. अण्णांनी ते दोनदा वाचलं. "सरी, ठीक," म्हणाले, आणि तरीही पेटी मागवली. "चौथ्या तबकडीवर कच्चं रेकॉर्डिंग आहे म्हणे. तिथं असेल. तिथं तरी असेल."

पेटी आली त्या रविवारी सकाळी मला बोलावणं आलं. त्यांच्या हॉलमध्ये वेताच्या दोन खुर्च्या आहेत. एकीत ते बसले, दुसरीत मी. तिसरं गाणं सुरू झालं. अण्णांनी एक बोट वर केलं. "आता."

काही नाही. ड्रम होता, गिटार होती, मध्ये स्वच्छ पुसलेली जागा होती.

चौथी तबकडी लावली. एकच गाणं सात वेळा. एकदा कोणी शिंकलं. एकदा कोणी शिवी दिली. खुर्ची करकरली नाही. अण्णांनी लाल चिठ्ठ्यांचं पाकीट उघडलं आणि तसंच मांडीवर धरून बसले.

"अण्णा, एका खुर्चीसाठी इतकं?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्यांच्या पत्नी, सरोजक्का, तीन वर्षांपूर्वी गेल्या.

"तिला हे संगीत आवडायचं नाही," ते म्हणाले. "भांड्यांचं फडताळ कोसळल्यासारखं वाटतं म्हणायची. लग्न नवीन होतं तेव्हा मी ही तबकडी लावली. खुर्ची करकरली. तिला वाटलं, फाटक वाजलं. आतून विचारलं, 'कोण आलं?' मी म्हटलं, 'कोणी नाही गं, खुर्ची आहे. ती पण लंडनची.' तर म्हणाली, 'असू दे. विचारायला काय जातं?'"

त्यांनी मांडीवरचं पाकीट सरळ केलं.

"मग दर वेळी विचारायची. एक्केचाळीस वर्षं. आणि कॉफी घेऊन यायची, तीन कप. एक माझा, एक तिचा, एक आलेल्याचा. आलेल्याचा पण तीच प्यायची, इथं बसून. तेवढा वेळ बसायची. एरवी कुठं बसते?" पाकीट त्यांनी मिटलं. "ती गेल्यावर पण मी लावत होतो, रविवारी. करकर यायची. पुढचं मी मनात म्हणायचो. आणि त्या दिवशी तबकडी धुवायला कोणी सांगितलं होतं मला?"

त्यांनी उठून पुन्हा दुसरी बाजू लावली, तिसऱ्या गाण्यावर सुई ठेवली, आणि डोळे मिटले.

मी घड्याळ पाहत होतो. दोन मिनिटं अकरा सेकंद झाले तेव्हा मी खुर्चीत सरकलो. वेत जुना होता. चांगलाच करकरला.

"कोण आलं?" अण्णांनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

"कोणी नाही. खुर्ची."

"असू दे," ते म्हणाले. "विचारायला काय जातं?"

गाणं संपेपर्यंत कोणी हललं नाही. मग ते आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा ताटलीत तीन कप होते. एक त्यांनी मला दिला, एक स्वतः घेतला, तिसरा दोघांच्या मध्ये ठेवला.

कॉफी झाल्यावर त्यांनी पेटीला लाल चिठ्ठी लावली. नियम म्हणजे नियम. मग हिरव्यांचं पाकीट काढलं, मला उठायला सांगितलं, आणि मी बसलो होतो त्या खुर्चीच्या पाठीवर एक हिरवी चिठ्ठी नीट दाबून चिकटवली.